सारणाचं रिकामं भांडं

१९ ऑक्टोबर, रविवार
चर्चमधून आल्याबरोबर केशर खुडलं. रविवारी काम करू नये हे मला मान्य आहे, पण केशराच्या फुलांना ते कुणी सांगितलेलं नाही. सकाळी उमलतात, संध्याकाळी मान टाकतात. आईने लावलेला वाफा. त्यातले अर्धे कंद धाकटी बहीण फर्न लग्न होऊन जाताना घेऊन गेली. तिच्या अंगणात जे काही चांगलं उगवतं ते असं मूळचं माझ्याकडचं असतं.

एल्वुड मदतीला आला. नवऱ्याची बोटं जन्मभर दुधाचा टँकर चालवून घडलेली आहेत. फुलाला हात लावायच्या आत परत पाठवला.

लाकडी डबी निम्मी भरली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला टर्कीत भरायच्या सारणाला पुरेल.

संकल्प: यंदाचं सारण आजवरचं सर्वोत्तम.

२ नोव्हेंबर, रविवार
कर्टचा फोन. म्हणाला, आई, तुझ्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, एवढा घाट कशाला घालतेस, यंदा फर्नमावशीकडेच जेवू सगळे. मी विचारलं, सारण गुडघ्याने ढवळतात का? मग म्हणाला, मावशी हो म्हणालीय.

म्हणजे आधी तिला विचारलं. मग मला कळवलं. पोटचा मुलगा.

त्याला स्पष्ट सांगितलं की माझं लग्न झालं तेव्हापासून थँक्सगिव्हिंगचं जेवण याच टेबलावर झालेलं आहे आणि मी उभी आहे तोवर इथेच होईल. बराच वेळ अगं आई, अगं आई चाललं. शेवटी ठरलं ते असं: यंदा माझ्याकडे. पुढच्या वर्षीपासून कुठे, हे जेवण झाल्यावर सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं. माझी हरकत नाही. जेवणानंतर मत द्यायचं असेल तर मला कसली भीती?

एल्वुडला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तो पेपरात डोकं घालून बसला होता. पेपर कालचा होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार
शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही.

आमच्या या भागात, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या जर्मन वस्तीत, सगळ्या बायका सारण करतात ते एकाच प्रकारचं. कुस्करलेला बटाटा, लोण्यात तळलेले पावाचे तुकडे, कांदा, सेलरी, अंडी, केशर. टर्कीच्या पोटात मावेल तेवढं भरायचं आणि उरलेलं भांड्यात घालून भाजायचं. आई तेच करायची. फर्न अजूनही तेच करते. तिचं शिक्षण बारावीपर्यंत.

मी कॉलेजात आहारशास्त्र शिकले आणि निवृत्त होईपर्यंत हायस्कूलच्या मुलींना गृहविज्ञान शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला मी सारण सुधारलं. लोणी बंद. मीठ बंद. बटाटा बंद, कारण शेजारी कुस्करलेला बटाटा असतोच, एका ताटात दोनदा कशाला? त्याऐवजी घरचा जाड गव्हाचा पाव, कोंडा, सलगम, सोयाबीन आणि टर्कीचं काळीज. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, एर्मा, भरभक्कम झालंय गं. आई सहसा कुणाचं कौतुक करत नसे.

पुरावाच हवा तर दरवर्षीचा आहे. दुपारी बाराला माझ्याकडे जेवण. फर्न त्या वेळी फायर हॉलमध्ये, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी स्वयंपाक करत असते, म्हणून ती येत नाही. तीन वाजता आमची सगळी मंडळी तिच्याकडे गोड खायला जातात. मी जात नाही. माझं स्वयंपाकघर मी दुसऱ्या कुणाला आवरू देत नाही, आणि फर्नची कॉफी मला सोसत नाही. जाताना एल्वुड उरलेलं सारण भांड्यासकट बरोबर नेतो, कारण फर्न स्वतः मागून घेते. संध्याकाळी भांडं घासूनपुसून लख्ख परत येतं. एक कण शिल्लक नसतो.

मंडळींची मात्र दया येते. माझ्याकडे पोटभर जेवल्यावर पुन्हा तिच्या आग्रहाला बळी पडायचं. एल्वुड तर घरी आल्या आल्या पट्टा सैल करून सोफ्यावर आडवा होतो. बहिणीखातर काय काय सोसतो बिचारा.

८ नोव्हेंबर, शनिवार
सरावासाठी छोटा घाणा केला. एल्वुडला वाढला. दोन घास खाऊन म्हणाला, अगं, कवळी हलते. हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. दुपारी तोच माणूस खारवलेले कडक प्रेट्झेल कडाकडा फोडून खाताना दिसला. म्हणाला, ते दुसऱ्या बाजूने चावतो.

हरकत नाही. सारण यंदा खिम्याच्या यंत्रातून दोनदा काढणार. आता दाताचा प्रश्न येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ट्रिशचा फोन. सूनबाई इतक्या गोड बोलल्या की मी आधीच खुर्चीत बसून घेतलं. म्हणाली, अहो आई, तुम्ही एवढं मनापासून करता, पण मला हल्ली गहू सोसत नाही हो. यंदा मार्चमध्ये, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये डोनट तळले होते. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने किती खाल्ले ते मी मोजलं नाही, पण ताटली पुन्हा भरून आणलेली पाहिली. तेव्हा गहू सोसत होता.

तरी मी मोठ्या मनाची आहे. गहू काढला. त्याऐवजी ओटचा कोंडा आणि कुट्टूचं पीठ.

रंग थोडा करडा येतो. केशर वाढवीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार
नात मॅडी कॉलेजातून घरी आली आहे. निरोप असा की ती आता शाकाहारी झाली. मी विचारलं, टर्की? तर म्हणे, टर्की चालेल आजी, पण सारणातलं काळीज नाही चालणार. हे कोणत्या प्रकारचं शाकाहारीपण हे मी विचारलं नाही. आजकालच्या कॉलेजात काय शिकवतात देव जाणे.

काळीज काढलं. राजमा घातला.

म्हणजे दात झाले, गहू झाला, मांस झालं. आता कुणाकडेच सबब उरलेली नाही. हे मी एकटीने, कुणाचीही मदत न घेता साधलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बाजारात फर्न भेटली. म्हणाली, ताई, गुडघा कसा आहे, आणि यंदा डबा पाठवशील ना गं? विसरू नकोस हो, नुसती झुंबड उडते त्याच्यावर. कोणाची ते विचारावं लागलं नाही. फायर हॉलमधल्या म्हाताऱ्यांची. माझं सारण फर्न स्वतःच्या नावावर खपवत असणार, हा संशय मला पहिल्यापासून आहे. तरी तोंडाने म्हटलं, बघू.

अंडी दिली तिने. म्हणाली, आत्ता बलक फिका आहे, डिसेंबरात बघ कसा होतो. दरवर्षी डिसेंबरात तिच्या अंड्यांचा बलक खरोखरच केशरी होतो. मीच तिला खुराड्यात दिवा लावायला सांगितलं होतं, त्याचा हा परिणाम. पण ते बोलून दाखवायला मन मोठं लागतं.

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. हात वर करायचे ते जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर सगळे जाणार फर्नकडे. म्हणजे मतदान तिच्या घरात, तिचा केक तोंडात असताना! हे कर्टने मुद्दाम आखलं की सहज घडलं, ते मी ठरवू शकत नाही. दोन्ही वाईटच.

संकल्प: यंदा तीन वाजता कुणीही कुठेही जाणार नाही. गोडही इथेच. भोपळ्याचं, सुकामेव्याचं, दोन्ही. आणि उरलेलं सारण कुठेही पाठवणार नाही. उरणारच नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
काल जेवताना जाहीर केलं. एल्वुडचा काटा खाली पडला. वाकून उचलायला त्याला इतका वेळ लागला की मला वाटलं पाठ धरली.

सकाळपासून फोन. कर्ट: आई, मावशीला एकटं वाटेल गं. ट्रिश: अहो आई, त्या इतकी वाट बघतात आमची. मॅडीचाही फोन आला. ही मुलगी कधी कुणाला फोन करत नाही. म्हणाली, आजी प्लीज, अर्ध्या तासासाठी तरी जाऊ दे ना.

माझा गुडघा चिरला तेव्हा दिवसभरात एवढे फोन आले नव्हते.

मी ठाम राहिले. फर्नसाठी एवढा जीव तुटतो, आणि जी पहाटे उठून टर्की ओव्हनमध्ये घालते तिच्यासाठी कुणाचा तुटत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सारण कालवलं. मोठा चमचा त्यात उभा राहिला. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की चांगलं अन्न हाताला जड लागलं पाहिजे. डबीतलं सगळं केशर घातलं. तरी रंग ओल्या सिमेंटचाच राहिला. भाजल्यावर खुलेल.

एल्वुडने भांडं उचलून फ्रीजमध्ये ठेवलं. विचारलं, यात टर्कीपण घातलीस का?

मी त्याला विचारलं, उद्या हात कोणासाठी वर करणार? म्हणाला, अगं, म्हणजे काय, तुला माहीत नाही का. हे उत्तर नव्हतं, पण त्याचा आवाज हळवा झाला होता. नवरा माझ्या बाजूने आहे. एक तरी आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग. सकाळी ११
टर्की उत्तम. सारण भाजून तयार. सुरी घातली तर कडा अजिबात ढासळत नाहीत, विटेसारखे सरळ तुकडे पडतात. सजावटीला पार्सली.

कर्टची मंडळी आली. त्यांनी गाडी आत लावल्यावर मी माझी गाडी काढून तिच्या मागे आडवी लावली. किल्ली एप्रनच्या खिशात. हा कुणावर अविश्वास नाही, केवळ शिस्त आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जे झालं ते क्रमाने लिहिते.

प्रार्थना एल्वुडने सांगितली. इतकी लांब की टर्की निवली. मग रीतीप्रमाणे प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगितलं. कोणीही सारणाचं नाव घेतलं नाही. तेव्हा अजून चाखलं नव्हतं, म्हणून मनावर घेतलं नाही.

प्रत्येकाच्या ताटात मी स्वतः एकेक तुकडा ठेवला. टर्की संपली. कुस्करलेला बटाटा संपला. आंबवलेली कोबी, गोड मका, सगळं संपलं. सारणाचे तुकडे जिथल्या तिथे. ट्रिश म्हणाली, अहो आई, कुट्टूसुद्धा मला जरा... आणि पोटावरून हात फिरवला. मॅडीने राजम्याचे दाणे वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावले, म्हणजे निदान हात लावला. कर्टने आपला तुकडा टर्कीच्या कातडीखाली झाकला. तो पाच वर्षांचा असतानाही असंच झाकायचा आणि तेव्हाही मला दिसायचं. मी म्हटलं, कर्ट, ते काय आहे? म्हणाला, आई, नंतर खातो, चव शेवटपर्यंत राहावी म्हणून. एल्वुडने मात्र दोन घास घेतले. प्रत्येक घासाला एक ग्लास पाणी.

मी गोड आणलं. कुणाला भूक नव्हती. सगळे घड्याळाकडे बघत होते. तीन वाजले. कर्ट उठून बाहेर गेला आणि आत येऊन म्हणाला, आई, तुझी गाडी काढतेस का जरा? मी म्हटलं, आधी मतदान.

एकही हात वर होईना. तेवढ्यात मागच्या दाराशी खडखड झाली आणि फर्न आत आली. अंगात फायर हॉलचा एप्रन, हातात टॉवेलात गुंडाळलेलं मोठं भांडं. म्हणाली, अगं बाई, सगळे धड आहात ना? तीन वाजून गेले, एक माणूस येईना, मला वाटलं वाटेत गाडीवर हरीण आदळलं! फोन तरी करायचा रे मेल्यांनो. घ्या आता, गरम आहे तोवर.

टॉवेल काढला. बटाट्याचं सारण. वरून लाल खरपूस, कडेने लोणी फसफसत होतं. सगळ्या घरात आईच्या स्वयंपाकघराचा वास पसरला.

मी विचारलं, हे काय?

फर्न म्हणाली, सारण. दरवर्षीचं. तीनला येतात ना जेवायला.

जेवायला. गोड खायला नाही.

मग तिने टेबलावर माझ्या भांड्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, हे बघ, इथेच आहे की कोंबड्यांचा डबा! ताई, खरं सांगू, तू एवढी शिकलेली, तुलाच बरोबर कळतं त्यांना काय मानवतं ते. सगळ्या गावात कुणाचं हे असलं खात नाहीत माझ्या कोंबड्या. बलक कसा होतो पाहतेस ना डिसेंबरात? एल्वुड म्हणाला होता, एर्मा मुद्दाम त्यांच्यासाठी जास्तीचं करते. मी दरवेळी म्हणते, केवढी मेहनत घेते ताई, कोंबड्यांसाठी कोण एवढं करतं.

ती कुचकं बोलत नव्हती. फर्नला कुचकं बोलता येत नाही. तेवढंच सोसवलं नाही.

मी एल्वुडकडे पाहिलं. म्हणाला, अगं, पहिल्या वर्षी सगळं उरलं होतं. त्यात तुझं केशर होतं, टाकवेना. म्हटलं, तुला कशाला दुखवायचं. मग दुसऱ्या वर्षी तू पुन्हा केलंस.

फर्न एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. तिच्या लक्षात आलं. लाल झाली आणि पटकन म्हणाली, हे बघा, जेवण ताईकडेच. दरवर्षी. हे घर सोडून मला कुठे जेवायला आवडतं? हॉलमधलं आटोपून मी तीनला सारण घेऊन येत जाईन, म्हणजे मलाही बसता येईल तुमच्यात.

सगळे हात एकदम वर गेले. मॅडीचे दोन्ही.

प्रस्ताव एकमताने मंजूर. माझं मत कुणी विचारलं नाही.

त्यानंतर सगळे पुन्हा जेवले. टर्की संपल्यावर. गहू न सोसणाऱ्या सूनबाईंनी पावाचे तळलेले तुकडे कडेकडेने खरवडून खाल्ले. एल्वुडची कवळी अजिबात हलली नाही. मी एक कणही घेतला नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि भांडी घासायला उठले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
एल्वुडशी बोलत नाही. त्याच्या लक्षात यायला दुपार झाली.

इतकी वर्षं माझ्या डोळ्यांदेखत ते भांडं रिकामं होऊन येत होतं, आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलाला, सुनेला, काल जन्मलेल्या नातीला. बहुधा फायर हॉललाही. ज्यांना मी पोषण दिलं त्यांनी ते घेतलं नाही. घेतलं ते कोंबड्यांनी. आणि शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर परिणाम त्यांच्यावरच दिसतो आहे. त्या धडधाकट आहेत. एल्वुडचं कोलेस्टेरॉल सगळ्यांना माहीत आहे.

सारण जवळजवळ अख्खं उरलं आहे. केशर टाकवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
एल्वुड आणि कर्ट पहाटेच हरणाच्या शिकारीला गेले. बरं झालं. सारणाचं भांडं गाडीत घालून मी स्वतः फर्नकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जो माझं अन्न मनापासून खातो त्याला एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढाच हेतू.

भांडं दिसताच कोंबड्या धावत आल्या. एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत. मी तुकडे फोडून टाकले, त्या टिपायला लागल्या. कबूल करते, मला फार बरं वाटलं. म्हटलं, या घराण्यात कुणाला तरी समज आहे.

तेवढ्यात फर्न आली आणि गुरुवारच्या भांड्याची खरवड पलीकडच्या कोपऱ्यात झटकून गेली. सगळ्या कोंबड्या तिकडे गेल्या. सगळ्या. माझ्या पायाशी एक राहिली, ती लंगडी आहे. थोड्या वेळाने तीही गेली.

कोंबडीच्या बुद्धीबद्दल शास्त्राने जे म्हटलं आहे ते खरं आहे.

निघताना फर्नने अंडी दिली, आणि झाकण लावलेली एक वाटी. म्हणाली, ताई, थोडं राहिलंय. तू गुरुवारी घेतलं नाहीस. आणि एल्वुडला आवडतं.

घरी आणून मुद्दाम तपासलं. शास्त्राने तपासणी करायची तर एका घासावर मत बनवू नये. मीठ जास्त आहे. लोणी तर विचारूच नये. आईचंही असंच असायचं.

वाटी घासूनपुसून लख्ख करून ठेवली.

दुपारी एल्वुड हात हलवत परत आला. हरीण नाही. टोपी काढून दारातच उभा राहिला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलायचं धाडस केलं. म्हणाला, फर्नकडे गेली होतीस म्हणे? माझ्यासाठी काही दिलं नाही का तिने?

म्हटलं, दिलं होतं. कोंबड्यांना घातलं.